विहिरीत तासभर पवतो, खरं पूलमध्ये शंभर मीटरला धाप लागते. ट्रायथलॉनसाठी काय करू?

उद्यमबागी

नमस्कार मंडळी. बेळगावात राहतो, उद्यमबागेत मशीन शॉपला आहे, चाळिशी जवळ आली. धावायचं वेड जुनं आहे, येळ्ळूरच्या बाजूला दहा किलोमीटर बोलत बोलत होतात. रविवारी सायकलवर जांबोटीपर्यंत जाऊन येतो. आता मित्रांनी ट्रायथलॉनचं खूळ डोक्यात घातलंय. ऑलिंपिक अंतराची करायचीय, म्हणजे १.५ किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणं. मागच्या दोन्हींची काळजी नाही. घोडं अडलंय ते पाण्यात.

पवायला मी गावच्या विहिरीत शिकलो, पाठीला डबा बांधून. काठावरून सूर मारणं, तळातला दगड काढून आणणं, पायरी न धरता तासभर पाण्यात राहणं, सगळं येतं. खरं पूलमध्ये फ्रीस्टाईल मारायला लागलो की पन्नास मीटर झोकात, पंच्याहत्तरला छाती भरून येते आणि शंभरला कठडा धरून धापा टाकतो. शेजारच्या लेनमधली शाळकरी पोरगी मला मागे टाकून, वळून परत समोरून येते. धावताना एवढा दम आहे, मग इथं कुठं जातो काय की.

तीन गोष्टी विचारायच्यात. दम वाढवायला काय करू? ब्रेस्टस्ट्रोकनं पूर्ण केलं तर चालतंय काय? आणि बेळगावच्या आसपास खुल्या पाण्यात सराव कुठं करता येईल?

मलप्रभाकाठ

विहिरीत पवणारा माणूस बुडत नाही हे खरं, खरं तो पुढं पण जात नाही. विहिरीत पुढं जाऊन जाणार कुठं? चार हात मारले की समोरची भिंत!

दम वाढवायचा आमच्या खानापुरातला उपाय सांगतो. काठावर उभं राहून जोरजोरात दहा-पंधरा श्वास घ्यायचे आणि बुडी मारायची. रोज थोडं जास्त वेळ तळाला थांबायचं. महिन्याभरात फुप्फुसं भात्यासारखी होतात.

टिळकवाडी_लेन_४

उद्यमबागी, मी बरीच वर्षं पोहायला शिकवते. लहान मुलांपेक्षा तुमच्यासारखी मोठी, धावणारी आणि विहिरीत शिकलेली माणसं शिकवायला जास्त अवघड, कारण त्यांना पाण्याची भीती नसते आणि ताकद भरपूर असते. त्यामुळे चुका ताकदीत झाकल्या जातात.

आधी एकच सांगा. तोंड पाण्यात असताना श्वास सोडता की धरून ठेवता?

उद्यमबागी

मॅडम, धरतो. तोंड बाहेर आलं की सोडतो आणि घेतो. विहिरीत बुडी मारताना दम धरायचा असतो, तीच सवय.

टिळकवाडी_लेन_४

मग निम्मं दुखणं तिथंच आहे. हात जेमतेम पाऊण-एक सेकंद वर असतो, तेवढ्यात तोंड बाहेर. तेवढ्या वेळात तुम्ही आधी जुनी हवा बाहेर टाकणार आणि मग नवी घेणार? नवी अर्धवटच आत जाते. जीव घाबरतो तो बहुतेक वेळा ऑक्सिजन संपल्यामुळे नाही, तर छातीत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. म्हणून धावण्यातला दम इथं कामाला येत नाही. दम आहेच, तो आत कोंडलाय.

उद्यापासून फ्रीस्टाईल बंद. छातीएवढ्या पाण्यात उभे राहा, तोंड बुडवा आणि नाकातून बुडबुडे सोडत राहा, सावकाश, गुणगुणल्यासारखे. वर आल्यावर फक्त श्वास घ्यायचा, सोडायचा नाही. हे इतकं कंटाळवाणं होईपर्यंत करा की मन दुसरीकडे जाईल. आमच्या पूलवरचे जुने कोच मला शिकवताना कठड्यावरून कानडीत दोनच गोष्टी ओरडायचे, "उसिरु बिडू" आणि "तले केळगे". श्वास सोड आणि डोकं खाली. मला अजून त्याच्यापलीकडे फार काही शिकवता येत नाही.

डोक्याचं म्हणाल तर, छातीत हवा असल्यामुळे ती तरंगते आणि पाय जड असतात. विहिरीत आपण समोर बघत, मान वर काढून पोहतो. मान वर आली की कंबर खाली जाते आणि पाय त्याहून खाली. मग तुम्ही पोहत नसता, तिरपं अंग पाण्यातून ओढत असता. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे, तिरपेपणाची वसुली ते करणारच. नजर तळाच्या काळ्या पट्टीवर ठेवा, समोरच्या भिंतीवर नको.

एक परीक्षा सांगते. मांड्यांमध्ये पुल बॉय, म्हणजे पाय तरंगत ठेवणारा फोमचा ठोकळा, धरून शंभर मीटर पोहा. पाय न मारता सोपं वाटलं, वेळही कमी लागला, तर तुमचा प्रश्न दमाचा नाही, पाय बुडण्याचा आहे हे पक्कं समजा. आणि कोणाला तरी सांगून बाजूनं आणि समोरून व्हिडिओ काढून घ्या.

डॉक्टर_निपाणी

मलप्रभाकाठ, तुमचा वरचा उपाय कृपया कोणीही करू नये. भावना चांगली आहे हे मान्य, पण यात माणसं मरतात. जोरजोरात श्वास घेतल्यानं ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र उतरतो. श्वास घ्यायची इच्छा त्याच्यामुळे होते. तो कमी असला की शरीर धोक्याची घंटा वाजवत नाही आणि माणूस पाण्याखाली बेशुद्ध होतो, न धडपडता, न ओरडता. काठावरच्यांना वाटतं हा दम धरून बसलाय. चांगले पोहणारेच यात सापडतात, कारण नवखा तेवढा वेळ खाली राहूच शकत नाही.

आणि अशा सरावानं ट्रायथलॉनला काही उपयोग नाही. तिथं दम धरायचा नसतो, सोडायचा असतो, हे ताईंनी वर लिहिलंच आहे.

मलप्रभाकाठ

डॉक्टर, बरोबर. आमच्याकडं हे पोरं सर्रास करतात, सांगतो त्यांना. प्रतिसाद तसाच राहू दे, खाली तुमचं उत्तर वाचतील तरी.

निवृत्त_सुभेदार

रेजिमेंटल सेंटरला असताना आम्ही गणवेशात, बुटासकट पोहलोय, त्यामुळे दोन शब्द बोलतो. लांब पोहण्यात घाई करणारा आधी गारद होतो. ब्रेस्टस्ट्रोक आणि कुशीवरचं पोहणं यांना हिणवू नका. माणूस डोकं वर ठेवून मैलभर जातो, समोरचं दिसतं, दिशा चुकत नाही.

पायाबद्दल मात्र मॅडमशी जरा वेगळं मत. जवान पाय मारत नसेल तर तो मागे पडतो. किकबोर्ड धरून रोज भरपूर पाय मारा, मांड्या तयार होतात.

टिळकवाडी_लेन_४

सुभेदार काका, नुसतं पोहायचं असतं तर मान्य केलं असतं. यांना पाण्यातून बाहेर पडून ४० किलोमीटर सायकल हाणायची आहे, वर धावायचंय. मांड्यांतले मोठे स्नायू पाण्यातच दमवले तर पुढे काय राहिलं? लांब अंतराचे बरेच पोहणारे दोन हातांमागे दोनच लाथा मारतात, त्या पुढे ढकलायला कमी आणि अंग फिरवायला, पाय वर ठेवायला जास्त. शेवटच्या शंभर मीटरला जरा जोरात मारायच्या, म्हणजे आडवं अंग उभं राहताना पायांत रक्त येतं आणि बाहेर आल्यावर भोवळ येत नाही.

किकबोर्ड धरून ते जागचे हलत नसणार, पैज लावते. धावणाऱ्यांचे घोटे लाकडासारखे असतात, पाऊल मागे ताणलंच जात नाही. मग पाऊल पाण्यात आडवं राहून ब्रेकचं काम करतं. त्याला किकबोर्ड नको, वज्रासन हवं. टीव्ही बघताना टाचांवर बसा, रोज.

उद्यमबागी

पैज जिंकलात. किकबोर्ड घेऊन मी पाय मारतो आणि बोर्ड तिथंच. एकदा तर मागं गेलो की काय असं वाटलं. बघणारे हसायलेत.

सुभेदार काका, ब्रेस्टस्ट्रोक चालतो काय ते सांगा.

सह्याद्री_ते_समुद्र

मी सांगते. चालतो, ब्रेस्टस्ट्रोकला बंदी नाही. दमलं तर बोयाला (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) किंवा थांबलेल्या कयाकला (छोटी होडी) धरून श्वासही घेता येतो, फक्त त्याच्या जोरावर पुढे सरकायचं नाही. बहुतेक स्पर्धांत नियम असाच, तरी त्या स्पर्धेची ब्रीफिंग नीट ऐका. पण ब्रेस्टस्ट्रोकच्या लाथेत गुडघे आणि मांड्यांचा आतला भाग खूप वापरला जातो, आणि गर्दीत मागच्याच्या बरगड्यांत तुमची टाच बसते. राखीव म्हणून ठेवा, मुख्य म्हणून नको.

मी चंदगडची, सासर बेळगावात. गोव्याची अर्ध-आयर्नमॅन, म्हणजे ऑलिंपिकपेक्षा लांब अंतराची ट्रायथलॉन, केलीय. मिरामारला २०१९ मध्ये पहिल्यांदा झाली, तेव्हापासून आपल्या भागातल्या लोकांना ही स्पर्धा घरच्या अंगणातली वाटायला लागली. तिथं १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं असतं, त्याला साधारण ७० मिनिटांची मुदत. म्हणजे शंभर मीटरला ३ मिनिटं ४० सेकंद. आकडा ऐकून वाटतं, एवढ्यात तर कोणीही जाईल. पूलमध्ये जाईलच. समुद्रात पहिल्या दोनशे मीटरमध्ये काय होतं ते कोणी आधी सांगत नाही.

हॉर्न वाजतो, सगळे धावत पाण्यात शिरतात. कोणाचा हात डोक्यावर पडतो, गॉगल सरकतो, खारं पाणी नाकात. खाली काळी पट्टी नाही, नुसतं हिरवट अंधूक. हृदय घशात येतं. माझ्या शेजारचे एक गृहस्थ, पूलमध्ये माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान, तिथंच हात वर करून कयाकला लटकले होते. म्हणून सुरुवातीला कडेला आणि मागे उभं राहायचं, पहिली दोन-तीन मिनिटं मुद्दाम हळू जायचं, आणि बुडबुडे सोडण्याकडे लक्ष द्यायचं.

दिशा पाहण्याचा सराव पूलमध्येच करा. सहा ते दहा हातांनंतर एकदा, मगरीसारखे फक्त डोळे पाण्यावर काढायचे, बोया दिसला की डोकं पुन्हा खाली आणि मग बाजूला वळून श्वास. पूर्ण डोकं वर काढलंत तर पाय बुडाले. आणि बोया नाही दिसला तर थांबून शोधत बसू नका, पुढच्या वेळी दिसेल. जो सरळ जातो तो १.५ किलोमीटर पोहतो, बाकीचे पदरचे शे-दोनशे मीटर जास्त पोहतात.

दुसऱ्याच्या पायांमागे पोहणं ट्रायथलॉनच्या पोहण्यात नियमात बसतं आणि बरीच ताकद वाचवतं. मात्र तो सरळ जातोय ना, हे स्वतः तपासायचं. वेटसूटचा, म्हणजे थंड पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाचा, खर्च करू नका. आपल्याकडचं समुद्राचं पाणी इतकं कोमट असतं की तो घालायला परवानगी मिळत नाही.

अवांतर : बायकांची बॅच बहुतेक ठिकाणी दुपारी अकरानंतर का असते, हे मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. नोकरी करणारीनं काय करायचं? मी एका पूलवर हा प्रश्न विचारला तर "मॅडम, मागणीच नाही" असं उत्तर मिळालं. वेळच तशी ठेवली तर मागणी कुठून येणार?

चिकोडीचा_पुणेकर

अवांतराला +१. माझ्या बहिणीनं याच कारणानं पोहणं सोडलं.

आता दमाबद्दल. श्वास आणि डोकं जागेवर आलं की मग आकड्यांकडे वळा, त्याआधी नको. चांगलं वॉर्म-अप करून ४०० मीटर जमेल तितक्या जोरात पोहा, वेळ घ्या. पूर्ण विश्रांती घेऊन २०० मीटर तसंच. मोठ्या वेळेतून छोटी वजा करून दोनानं भागा. समजा ४०० ला १० मिनिटं ४० सेकंद लागले आणि २०० ला ५ मिनिटं. फरक ५ मिनिटं ४० सेकंद, त्याचा निम्मा २ मिनिटं ५० सेकंद. शंभर मीटरचा हा तुमचा टिकाऊ वेग. या वेगानं १.५ किलोमीटरला साडेबेचाळीस मिनिटं होतात.

मग सराव असा की शंभर-शंभर मीटरच्या दहा फेऱ्या याच वेगानं, मध्ये वीस सेकंद विश्रांती. पहिली आणि दहावी फेरी सारख्याच वेळेत आली पाहिजे. पहिली २ मिनिटं ३० सेकंदांत आणि शेवटची ३ मिनिटं १५ सेकंदांत आली तर तुम्ही दम वाढवत नाही, दमायचा सराव करताय. शंभर जमत नसतील तर पन्नासच्या वीस. आठवड्यातून एकदा दोन तास पोहण्यापेक्षा तीनदा पाऊण-पाऊण तास चांगलं, कारण पाण्याचा अंदाज हाताला लवकर विसरायला होतो.

आणि दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला शिका. तीन हातांनी एकदा.

टिळकवाडी_लेन_४

शिका हे बरोबर, पण कायम तसंच पोहा असं नाही. तीन हातांनी एकदा म्हणजे हवा कमी मिळते. स्पर्धेत दोन हातांनी एका बाजूनं घेतला तरी हरकत नाही. दुसरी बाजू अशासाठी यायला हवी की लाट किंवा ऊन एका बाजूनं आलं तर अडू नये, आणि अंग एका बाजूला वाकडं होऊ नये.

उद्यमबागी

व्हिडिओ काढलाय, मॅडमना वैयक्तिक निरोपात पाठवलाय. भाच्यानं कठड्यावरून चालत चालत काढला, थोडा हलतोय. पुल बॉयची परीक्षा पण केली. शंभर मीटर एका दमात झालं, पहिल्यांदा! म्हणजे पायच बुडायलेत.

टिळकवाडी_लेन_४

बघितला. तुमची परवानगी आहे म्हणून इथंच लिहिते, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

डोकं बरंच खाली आलंय, शाब्बास. आता उजवीकडे श्वास घेताना डावा हात बघा. तो पुढे ताणलेला असायला हवा, पण तोंड वळायला लागलं की तुमचा तळवा पाणी खाली दाबायला लागतो, टेबलावर हात टेकून उठल्यासारखा. कोपर सरळ, हात सरळ खाली. तोंड वर येतं खरं, पण श्वास संपेपर्यंत तो हात मांडीजवळ पोहोचलेला असतो, आणि ज्या हातानं पाणी पकडायचं तोच वाया गेलेला. त्याच क्षणी पाय कात्रीसारखे फाकतात, तोल सांभाळायला. सगळी साखळी त्या एका हातापासून सुरू होते.

उपाय असा. कुशीवर तरंगा, खालचा हात पुढे, वरचा मांडीवर, कान खांद्याला टेकलेला. हलक्या लाथा मारत सहापर्यंत मोजा, मग एक हात मारून दुसऱ्या कुशीवर. श्वासासाठी डोकं उचलायचं नाही, अंगाबरोबर वळू द्यायचं, एक गॉगल पाण्यातच. हे जमलं की पुढचा हात जागेवर थांबायला शिकतो. मग कोपर वर ठेवून आधी बोटं आणि मनगट खाली वळवायचं, कोपरापासून पंजापर्यंतच्या पूर्ण भागानं पाणी मागे ढकलायचं. मुठी वळून पोहून बघा, लगेच कळेल.

अजून एक. डावा हात डोक्यासमोरून उजवीकडे जातोय. खांद्याच्या रेषेत टाका, नाहीतर अंग सापासारखं वळवळतं आणि पुढे खांदाही दुखतो.

डॉक्टर_निपाणी

पोटऱ्यांत गोळे येत असतील तर पाऊल ताठ ताणून ठेवू नका, सैल सोडा. गोळा आलाच तर उताणं तरंगून अंगठा स्वतःकडे ओढा. कानात पाणी गेलं तर मान कलती करून काढा, काडी घालू नका.

मलप्रभाकाठ

तिसरा प्रश्न राहिलाच की. खुल्या पाण्याला राकसकोपच्या जलाशयाला जाऊया काय? जवळ पडतंय.

निवृत्त_सुभेदार

राकसकोपचं पाणी बेळगावकर पितात. तिथं उतरायचं नाही. खडीच्या खाणींत तर मुळीच नको. काठ सरळ तुटलेला, तळाचा अंदाज नाही, बाहेर यायला जागा नाही. तिकडं अथणी-रायबागच्या बाजूनं कोणी कृष्णेत उतरायचं म्हणत असेल तर, मगाशी ताई म्हणाल्या तसे डोळे पाण्यावर काढणारे तिथं आधीच आहेत.

हिडकलचा जलाशय मोठा आहे, पण पाटबंधारे खात्याला विचारल्याशिवाय नाही, आणि धरणाच्या दारांच्या बाजूला कधीच नाही. पावसाळ्यात नदीचं नाव काढू नका, मलप्रभा असो की मार्कंडेय.

सह्याद्री_ते_समुद्र

माझं मत, पूलमध्ये ८०० मीटर न थांबता होईपर्यंत बाहेर जायची घाई नको. नंतर पावसाळा संपल्यावर गोव्यात, जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर, ते ड्युटीवर आल्यावर, काठाला समांतर पोहायचं. पाणी कमरेच्या थोडं वर. कमरेला नारिंगी फुगा बांधायचा, लांबून दिसतो आणि दमलं की धरताही येतो. एकट्यानं कधीच नाही. मानेला आणि काखेला व्हॅसलीन लावा, खाऱ्या पाण्यानं घासून सालटी निघतात. गॉगल नवीन असेल तर तो पूलमध्ये चार वेळा वापरून झालेला असू द्या.

उद्यमबागी

धागा वर काढतोय. परवा पूलमध्ये हजार मीटर न थांबता झालं, फ्रीस्टाईल. वेग गोगलगायीचाच आहे, शंभरला तीन मिनिटांच्या वर. खरं कठडा सोडताना छाती भरून आली नव्हती. डावा हात अजून मधूनच खाली जातो, दमलो की हमखास.

पुढच्या महिन्यात एका रविवारी चोर्ला घाटानं गोव्याला जायचं म्हणतोय. गाडीत दोन जागा आहेत. सह्याद्री ताई येतो म्हणाल्यात, त्यांचे मिस्टरही.

डॉक्टर_निपाणी

काठावर एक माणूस कोरडा हवा, शिट्टी आणि फोन घेऊन. पोहणाऱ्यांची डोकी मोजत राहायचं, मोबाइल बघत बसायचं नाही.

मलप्रभाकाठ

ते काम मला द्या. येताना जांबोटीला थांबा, मी रस्त्यावर येऊन उभा राहतो. नाष्टा परतीच्या वाटेवर, आधी कोणी पोटभर खाऊन पाण्यात शिरू नका.

उद्यमबागी

ठरलं. भरतीची वेळ बघून निघायची वेळ इथंच कळवतो. नारिंगी फुगा बेळगावात कुठं मिळतो, कोणाला माहीत आहे काय?

चिकोडीचा_पुणेकर

ऑनलाइन मागव. दोन मागव, एक माझ्यासाठी.